इची-मान रात्री

११ जानेवारी, रविवार दुपार

चि. बयोस,

आईचे अनेक आशीर्वाद. हे मोजलेले नाहीत, त्यामुळे कमी भरले तर तक्रार चालणार नाही.

मी बरी आहे. तुम्ही तिघंही बरे असाल. जावयांचा खोकला गेला का? मागच्या रविवारी बटणाशी बोलताना मागून खोकल्याचा आवाज येत होता. त्यांना म्हणावं, गरम पाणी प्या आणि छाती झाका. त्यांना माझं बोलणं कळत नाही ते बरंच आहे म्हणा, नाहीतर सासू फोनवरूनही पिच्छा सोडत नाही असं म्हणतील.

आजचा आमचा जपानी आकड्यांचा धडा झकास झाला. तू फोन लावून देतेस, टेबलावर उभा करतेस आणि आत जातेस, त्यामुळे तुला काही कळत नसणार, म्हणून सगळं लिहिते. तू आत जातेस त्याबद्दल माझी तक्रार नाही. सहा वर्षं झाली, आता तक्रार कसली करायची? नळाचा आवाज येतो, कपाटाचं दार वाजतं, मला तेवढ्यावरून कळतं की तू आहेस.

तर, बटण. (तिचं खरं नाव माझ्या जिभेवर बसतच नाही. तीस वर्षं कारखान्यात बटणं मोजली, नातीला बटण म्हटलं तर बिघडलं कुठं? तिलाही आवडतं.) आमची गाडी नाताळाच्या सुटीच्या आधीच शंभराला पोचली होती. शंभर म्हणजे ह्याकु. त्यांचं मोजणं किती सरळ आहे गं! एकवीस म्हणजे दोन-दहा-एक. नी-जू-इची. बस्स. मी तिला आपलं एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस म्हणून दाखवलं आणि बोटांनी समजावलं की आम्ही पुढच्याचं नाव घेऊन एक मागे येतो, तर ती इतकी हसली की खुर्चीवरून खाली गेली. नुसते दोन पाय दिसत होते.

पण सरळ सरळ म्हणावं तर मध्येच वाकडं. तीनशे म्हणजे सान-ह्याकु नाही, सानब्याकु. सहाशे रोप्प्याकु, आठशे हाप्प्याकु. माझं चुकलं की ती बाईंसारखी कपाळाला हात लावते. शिवाय चपटी वस्तू वेगळी मोजायची, लांबट वेगळी, बारकी वेगळी, माणसं वेगळी. तिनं विचारलं, तुझ्या घरात किती माणसं? मी म्हटलं, इची. तर नाही म्हणे. वस्तू एक असेल तर इची, माणूस एकटं असेल तर हितोरी. मी चार वेळा घोकलं. हितोरी, हितोरी. आता विसरणार नाही.

आणि चाराला दोन शब्द आहेत. मी शी म्हटलं की ती हात हलवून नको नको करते, योन म्हण म्हणते. का ते तिला सांगता येईना, तेव्हा तूच आतून ओरडलीस, "तो मरणाचाही शब्द आहे, आई!" इतक्या महिन्यांत तुझ्या तोंडून थेट मला उद्देशून आलेलं पहिलं वाक्य, आणि तेही मरणाचं! तरी त्या दिवशी मी दिवसभर खुशीत होते.

आज हजार झाले, सेन. त्याच्यापुढे गंमत आहे बघ. आपण हजारानंतर लाखापर्यंत नवं नाव घेत नाही. त्यांचं दहा हजारालाच नवं नाव: इची-मान. मग लाखाला दहा-मान, कोटीला हजार-मान. आपण दोन शून्यं झाली की घर बदलतो, ते चार शून्यं होईपर्यंत त्याच घरात राहतात. वाचनालयातल्या बाईंनी मला एक जुनं पुस्तक काढून दिलंय, त्यात तक्ता आहे. मी मोजणी खात्यातल्या जुन्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर उतरवून स्वयंपाकघरात चिकटवलाय. दहा कोटीला ते ओकु म्हणतात! एवढं पोटात गेलं तर दुसरं काय होणार. हा शब्द मला पाठ करावा लागला नाही, सध्या सकाळी उठलं की तोच कार्यक्रम असतो. काही नाही, पित्त. लगेच काळजीचा चेहरा करू नकोस.

इची-मान म्हणजे नेमकं किती ते मला कुणी सांगायला नको. आमचं एक पोतं सत्तर ग्रोसचं असायचं. बारा डझनांचा एक ग्रोस, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. सत्तर ग्रोस म्हणजे दहा हजार ऐंशी. म्हणजे एक पोतं म्हणजे इची-मान आणि वर ऐंशी बटणं. फळीवर ओंजळ ओतायची, फळी हलवायची, एकशे चव्वेचाळीस खळगे भरले की जास्तीची घरंगळून खाली. अशी सत्तर वेळा. तीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक बटण कमी गेलं नाही. एकदाच एक गिऱ्हाईक भांडायला आलं होतं, एक बटण कमी म्हणून. मी त्याच्यासमोर पुन्हा मोजलं, एकशे त्रेचाळीस भरली. मी म्हटलं, खिसे दाखवा. एकशे चव्वेचाळिसावं त्याच्या वरच्या खिशात निघालं. ते गिऱ्हाईक म्हणजे तुझे बाबा. दुकानात शिलाईचं काम पडलेलं आणि हे इथं बटण चोरून भांडायला आलेले. ही गोष्ट तुला शंभरदा सांगितलीय, पण बटणाला सांगायची आहे आणि तेवढं जपानी अजून मला येत नाही.

आपली ती म्हण आहे ना, झाकली मूठ सव्वा लाखाची, तीही मी त्यांच्यात बसवली. जू-नी-मान गो-सेन. बटणाला मूठ दाखवून म्हटलं, तर तिनं माझी मूठ उघडायला फोनच्या काचेवर बोटं घासली.

मोठी बातमी शेवटी ठेवली होती. पासपोर्ट आला! फोटोत मी एखाद्या पकडलेल्या बाईसारखी दिसते. उन्हाळ्यात येईन म्हणते, बटणाची शाळा बंद असेल तेव्हा. तू हो म्हणालीस तर. नाही म्हणालीस तर पासपोर्ट दहा वर्षं चालतो.

तुझी,
आई


२४ मार्च, मंगळवार

चि. बयोस,

आशीर्वाद.

परवाच्या रविवारी फोन आला नाही. मी दहापासून खुर्ची लावून बसले होते. पावणेबाराला उठले. मी तीनदा लावला, तू उचलला नाहीस. म्हणून लिहिते.

एवढं काय झालं गं चिडायला? म्हातारी बाई, परकी भाषा, झाली चूक. तू माझ्याशी सहा वर्षांनी समोरासमोर बोललीस, तुझा चेहरा मला पहिल्यांदा नीट दिसला (किती वाळलीस!), आणि बोललीस काय, तर "दहा हजार म्हणजे सत्तावीस वर्षं, आई. पुन्हा तेच करतेयस तू." आणि फोन बंद. मला तोंड उघडायला वेळ तरी द्यायचास.

झालं ते असं. आठ तारखेला बटणानं विचारलं, "आतो नानकाई नेतारा?" अजून किती वेळा झोपलं की तू येशील? मला पूर्ण वाक्य कळलं. याचाच मला एवढा आनंद झाला की मी टाळ्या वाजवून म्हटलं, "इची-मान!" आपण नाही का म्हणत, हजारदा सांगितलं, लाख वेळा बजावलं? तसं. कुणी मोजून थोडंच म्हणतं? ती म्हणाली, "होन्तो?" खरंच? मी म्हटलं, "होन्तो, होन्तो." तोही शब्द येतो म्हणून दोनदा.

मला काय माहीत की ती कागद घेऊन बसेल! पंधरा तारखेला तिनं कागद कॅमेऱ्यासमोर धरले तेव्हा मला आधी वाटलं, बटणांचं चित्र काढलंय. सगळीकडे गोलच गोल. एका कागदावर शंभर, असे तीन कागद झालेले. शंभर कागद करणार म्हणाली. रोज सकाळी उठली की एका गोलावर फुली मारणार. मारलेल्या सात फुल्या मला दाखवल्या. मी हसले. मला हसूच आलं गं, काय करू? तेवढ्यात मागून तू आलीस.

बाकी ठीक. तुझ्या त्या "पुन्हा"चं मी काही मनावर घेतलेलं नाही. जुन्या गोष्टी उकरण्यात अर्थ नाही, बाबा अचानक गेले, तेव्हाही तेच सांगितलं होतं आणि आजही तेच सांगते. वॉर्डातल्या त्या नर्सला काय कळतं? तिनं शंभर पेशंट बघितलेले, कुणाचं कुणाला सांगितलं असेल.

उन्हाळ्याचं म्हणशील तर तिकिटाचं अजून बघितलं नाही. जरा थकवा असतो. डॉक्टरांकडे जाऊन आले, वाचनालयातल्या बाई सोबत होत्या. वयाप्रमाणे व्हायचंच म्हणाले. औषधं दिलीत. कपडे थोडे सैल होतात, ते माझ्या वयात चांगलंच. दोन-चार आठवड्यांत ठीक होईन.

बटणाला फोन करू दे. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. आमचे मानाच्या पुढचे धडे राहिलेत.

आई


१२ एप्रिल, रविवार

बयो,

काल तुझं पाकीट मिळालं. वरचं अक्षर तुझं. मी दारातच फोडलं. आत पत्र नव्हतं, बटणाचा पहिला कागद होता, आणि मागच्या बाजूला तुझ्या हातच्या तीन ओळी. "तिनंच दिलाय. म्हणते, आजीकडे असू दे, आजीला मोजता येतं. मी तिला काय सांगू? खरा आकडा कळव."

मी कागद टेबलावर ठेवला आणि मोजला. सवय आहे. गोल शंभर, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. दहा ओळी, दहा-दहा. शेवटच्या ओळीत जागा कमी पडली म्हणून गोल बारीक केलेत, पण सोडला एकही नाही. पोरगी माझ्यावर गेलीय. फुल्या पंचवीस. एक फुली अर्धवट आहे, पेन्सिलीचं टोक मोडलं असेल. त्या पंचवीस सकाळी ती उठून बसली असेल, डोळेही नीट उघडले नसतील, आणि माझ्या एका थापेसाठी पेन्सिल शोधली असेल. मी त्या कागदावर डोकं ठेवून रडले. रडून झालं, मग चहा केला, तो पोटात राहिला नाही, आणि आज सकाळी ही बसले लिहायला.

फोनवर सांगता आलं असतं. नाही सांगणार. फोनवर माझी जीभ सवयीनं वळते. तू "कशी आहेस" म्हणशील आणि मी "छान" म्हणून मोकळी होईन. आमच्या खात्यात तोंडी आकडा कुणी धरत नसे. चिठ्ठीवर लिहिला, खाली सही केली, की तो आकडा पक्का. तोपर्यंत नुसती बडबड. आणि खरं सांगू का, मी आयुष्यभर याचाच फायदा घेतला. जो आकडा नको असेल तो लिहायचाच नाही, म्हणायचाच नाही. म्हणजे तो नाहीच.

आधी बाबांचं लिहिते. तो हिशोब जुना आहे.

डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, बयो. व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी. म्हणाले, "पंधरा दिवस, फार तर. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा." ती नर्स खोटं बोलली नव्हती. ती तिथंच उभी होती. तू परत आल्यावर तिनं तुला सांगितलं आणि मी तुझ्यासमोर तिला खोटारडी ठरवलं. मोठ्या तोंडानं. त्या बाईची मी अजून माफी मागितलेली नाही.

तू रोज संध्याकाळी फोन करायचीस. तुला पाचवा महिना होता. मी म्हणायचे, आज ताप नव्याण्णव, आज दोन घास जास्त जेवले, दोन-चार दिवसांत घरी येतील. रोज दोन-चार. ते दोन-चार कधी संपतच नव्हते. तुला प्रवास झेपणार नाही, पोटातल्या जिवाला त्रास होईल, असं मी मनाला सांगत होते, आणि नंतर लोकांनाही सांगितलं. पण तुझ्या डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलेलं नव्हतं, तूच तेव्हा बोलली होतीस. मला आठवत होतं. खरं कारण एवढंच की तुला "ये" म्हटलं असतं तर ते जाणार हे ठरलं असतं. तू दारात बॅग घेऊन उभी राहिली असतीस आणि त्यांनी तुझ्या चेहऱ्यावर वाचलं असतं. मी वाचलं असतं. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

आणि हे कधीच कुणाला सांगितलं नाही. त्यांनी तुझी वाट बघितली. रोज सकाळी, तोंड पुसून झालं की विचारायचे, "बयो कधी येतेय?" मी म्हणायचे, "येईल, तिला जरा जड जातंय, बाळ झालं की येईल." ते मान हलवायचे. शेवटच्या दिवशी विचारलं नाही, नुसतं दाराकडे बघितलं. तो दिवस धरून अकरा वेळा. ते अकरा दिवस होते. पंधराही भरले नाहीत.

तू तिसऱ्या दिवशी पोचलीस. तुला मी म्हटलं, "अचानक झालं गं, कुणालाच कल्पना नव्हती." तू माझ्याकडे बघितलंस. तू ओळखलं होतंस. तुला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं आणि मी सहा वर्षं मूठ झाकून बसले. सव्वा लाखाची म्हणे! आत काय होतं? माझा भित्रेपणा, दुसरं काही नव्हतं. बयो, माझं चुकलं. तुझा बाप तुला शेवटचा दिसायला हवा होता, त्याला तू दिसायला हवी होतीस, आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. हे मला भरून देता येत नाही.

आता दुसरा आकडा. तू मागितलास तो.

पित्त नव्हतं. फेब्रुवारीत तपासण्या झाल्या. इची-मान म्हटलं त्या आठ तारखेपर्यंत मला एवढं कळलं होतं की काहीतरी मोठं आहे. बटणानं विचारलं, किती वेळा झोपलं की येशील, आणि मला खरा आकडा माहीत नव्हता, आणि नाही म्हणवेना. म्हणून जवळ होता तो सगळ्यात मोठा आकडा पुढे केला. थट्टा वगैरे काही नव्हती. मागच्या पत्रात तुला थाप मारली. मी पोती उचलली आहेत, इची-मान किती जड असतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तू म्हणालीस ते अगदी बरोबर, पुन्हा तेच केलं. बाबांना "बाळ झालं की येईल", तुला "दोन-चार दिवस", आणि सहा वर्षांच्या पोरीला दहा हजार रात्री. जित्याची खोड.

वीस मार्चला शेवटचे रिपोर्ट आले. डॉक्टर तरुण आहेत, बिचारे गोल गोल बोलायला लागले. उपचार आहेत, बघू, प्रत्येकाचं वेगळं असतं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी तीस वर्षं मोजणी खात्यात होते. मला आकडा सांगा." वाचनालयातल्या बाईंनी माझा दंड धरला. ते थोडा वेळ कागद चाळत राहिले, मग म्हणाले, "शंभर दिवस धरा. थोडे इकडे-तिकडे होतील." यकृताचं आहे. विमानप्रवासाला त्यांनी साफ नाही म्हटलंय. तुला "वयाप्रमाणे" म्हणून लिहिलं ते त्याच्या चौथ्या दिवशी.

घरी आले. स्वयंपाकघरातल्या तक्त्यावर ह्याकु शोधला. तो तर अगदी सुरुवातीला आहे, बटणानं पहिल्या महिन्यात शिकवलेला. मान, ओकु, मी उगीच कुठवर गेले होते. तिच्या एका कागदात मी मावते.

आज बारा एप्रिल. तेवीस गेले, उरले सत्याहत्तर. पत्र तुझ्याकडे पोचायला नऊ दिवस लागतात. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा अडुसष्ट.

मी आता काय मागू? "तुला जमलं तर ये, नाही जमलं तरी मी समजून घेईन," असं लिहिलं होतं. मग वाचून बघितलं, तर तीही थाप. मी समजून नाही घेणार. मला फार वाईट वाटेल. तू ये. लवकर ये, मला उठून दार उघडता येतंय तोवर ये. बटणाला घेऊन ये. मला तिला हात लावायचाय. खोलीत ती बाबांची शिलाईची खुर्ची आहे, तिच्यावर उभी केली की ती माझ्या टेबलापर्यंत पोचेल. एक जुनी फळी मी कामावरून घरी आणली होती, तिला ती हलवायला शिकवते. ते एका हातानं जमत नाही, तिचा हात आणि माझा हात असं करू. आणि तिनं पुन्हा विचारू दे, घरात किती माणसं? मला एकदा हितोरी सोडून दुसरं काहीतरी म्हणायचंय. तीन माणसांचा शब्द मी पाठ करून ठेवलाय. सान-निन.

माझ्याशी बोललं नाहीस तरी चालेल. आत जाऊन नळ सोड, भांडी वाजव. माझ्या घरातला नळ सोड फक्त.

बटणाला खरं सांग. कसं सांगायचं ते तू ठरव, तू आई आहेस तिची. पण थाप मारू नकोस, अगदी छोटीही नको. मोठी होऊन ती मोजेल, आणि तिचं मोजणं चुकत नाही. तिचा कागद माझ्याकडे आहे. पंचविसाच्या पुढच्या फुल्या मी मारणार नाही. तू आणशील तेव्हा तिच्या तिनं माराव्यात.

आमच्या खात्यात चुकलेली चिठ्ठी फाडायची नाही असा नियम होता. खोडरबरही नाही. आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी दुरुस्त आकडा लिहायचा, म्हणजे पुढच्या माणसाला दोन्ही दिसतात. तीस वर्षांत माझ्यावर ती वेळ आली नाही. आज दोनदा आली.

दोन-चार दिवस : रद्द. दुरुस्त आकडा पंधरा. भरले अकरा. त्यांनी अकरा वेळा तुझी वाट बघितली.

इची-मान रात्री : रद्द. आजीला येता येणार नाही. दुरुस्त आकडा अडुसष्ट. रोकु-जू-हाची.

दोनदा मोजून पाहिलं. बरोबर आहे.

मोजणारी,
तुझी आई